होयबाचा उजवा डोळा

४ मार्च

ठमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे कचऱ्यात टाकणार, हे मला ठाऊक आहे. टाक. पण त्याआधी एक ओळ वाच: तुझ्या होयबाचा उजवा डोळा फुटलाय. जिवाला धोका नाही.

'तुझ्या' म्हटलं म्हणून चिडू नकोस. कागदोपत्री तो आता तुझा कोणी नाही, म्हणून माझाही कोणी नाही, आणि त्याचाच फायदा घेऊन मी काल त्याचं ऑपरेशन केलं. आमच्याकडे नात्यातल्या माणसाला स्वतः हात लावायचा नाही असा दंडक आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "मॅडम, हे तुमचे कोण?" मी म्हटलं, "बहिणीचा घटस्फोट झालेला नवरा." त्यांनी जरा हिशेब केला आणि म्हणाले, "मग कोणीच नाही." माझ्या वतीने तुझ्या वकिलाचे आभार मान.

झालं असं, की काल सकाळी तो एका गिऱ्हाइकाकडे कपाट पोचवायला निघाला होता. टेंपोवर सामान बांधायला ती रबरी दोरी मिळते बघ, दोन्ही टोकांना लोखंडी आकडे असलेली. ती ताणून दुसरं टोक अडकवायला गेला, पहिला आकडा सुटला आणि थेट डोळ्यात. या दोरीने फुटलेले डोळे मी इतके शिवलेत, की रस्त्यात कोणी ती ताणताना दिसलं तर मी पलीकडच्या फुटपाथवर जाते. त्याला मी स्वतः बजावलं होतं, ही वापरू नकोस, साधा दोर घे. त्यावर तो काय म्हणाला असेल? "हो ताई."

टेंपोवाल्याने त्याला आमच्याकडे आणलं तेव्हा त्याने ओला रुमाल डोळ्यावर गच्च दाबून धरला होता. फुटलेला डोळा दाबायचा नसतो, धुवायचाही नसतो. दाबलं की आत जे काही शिल्लक असतं तेही बाहेर येतं. हे सांगून सांगून माझा घसा बसला, पण दुखलं की दाबायचं हे माणसाच्या हाताला न शिकवता येतं. पेन्सिलने, म्हणजे माझ्या हाताखालच्या डॉक्टर पोराने (अंगाने तसाच आहे), रुमाल अलगद सोडवला. डोळ्यावर ठेवायची कडक झाकणं संपली होती. मग त्याने चहाचा कागदी कप कापला आणि त्याचा बुडखा कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर टेकवून चिकटवला, डोळ्याला कुठेच लागणार नाही असा. मी पोचले तर होयबा खाटेवर बसलेला, चेहऱ्यावर कप, शर्टावर रक्त, आणि मला म्हणतो, "ताई, रविवारी तुमच्या मोरीच्या दाराचं बघायचं राहिलं."

मी त्याला झापायचंही विसरले. तुला माहीत आहे, असं माझं फारसं होत नाही.

भूल द्यायच्या आधी मी डावा डोळा तळहाताने झाकला आणि आमच्याकडचा सगळ्यात प्रखर दिवा उजव्यावर धरला. विचारलं, "उजेड कळतोय का?" तो म्हणाला, "नाही."

लग्नात, भांडणात, कोर्टात, कुठेच मी त्याच्या तोंडून 'नाही' ऐकलं नव्हतं. काल पहिल्यांदा ऐकलं.

तरीही शिवला. आमच्या विभागात एक नेम आहे, माझ्या आधीच्या डॉक्टरांनी घालून दिलेला: फुटलेला डोळा पहिल्या दिवशी काढायचा नाही. कितीही चेंदामेंदा झालेला असो, आधी शिवायचा. माणूस झोपेतून उठला की त्याचं जे होतं ते त्याच्यापाशी असलं पाहिजे. पुढचं मग तो शुद्धीत असताना, त्याला विचारून. केसाहून बारीक दोऱ्याने दुपारभर टाके घालत बसले. गोलाई परत आली. याहून जास्त काही आलं असं मला वाटत नाही.

तू ये असं मी म्हणत नाही. कळवलं, एवढंच.

ताई


६ मार्च

ठमे,

कुरिअरच्या पोचपावतीवर तुझी सही आली. दोन वर्षांत तुझ्याकडून आलेली ही पहिली गोष्ट. 'ठ' अजून तसाच, शेपूट काढलेला. मी तो फोनवर मोठा करून बघितला, हसू आलं तर हस.

होयबा वॉर्डात आहे. खिडकीशेजारची खाट मिळाली. दोन दिवसांत त्याने शेजारच्या आजोबांचं डुगडुगणारं स्टूल कागदाची घडी घालून सरळ केलं, आणि वॉर्डच्या सिस्टरना औषधांच्या कपाटाचं दार बसवून देतो असं कबूल केलं. कधी? "घरी जायच्या आधी नक्की." तू हे वाचून दात-ओठ खाते आहेस, हे मला इथून दिसतंय. गिऱ्हाइकाला 'परवा देतो', तुला 'आज लवकर येतो', घरमालकाला 'उद्या बोलतो'. कोणाचं तोंड उतरलेलं त्याला बघवत नाही, म्हणून तो प्रत्येकाला हवं ते बोलतो. होयबा हे नाव तूच ठेवलंस, आणि शेवटी त्या नावापायीच घर सोडलंस. मला तेव्हा तुझं म्हणणं पटलं होतं. तुला मात्र हे कधी खरं वाटलं नाही, कारण मी त्याच्यासाठी दार बंद केलं नाही. "तू माझी बहीण की त्याची?" असं विचारून तू फोन ठेवलास तो ठेवलासच.

मी दार का बंद केलं नाही ते ऐक. रविवारी तो येतो. काहीतरी ठोकतो, चहा पितो, वर्कशॉपमधल्या गमती सांगतो, निम्म्या बनवलेल्या असतात. इतर सहा दिवस माझ्या घरी कोणी येत नाही. हॉस्पिटलात दिवसभर माणसं मला बोलावतात, पण घरी आल्यावर मी बोलले नाही तर तिथे आवाजच नसतो. कधीकधी मी कुकरशी बोलते. मला रविवार हवा होता, ठमे. तुझी बाजू सोडायची म्हणून नव्हे.

आता मुद्द्याचं. डोळा फुटला की आतला एक काळसर पडदा उघडा पडतो. जन्मभर बंद कुपीत असलेली ही गोष्ट शरीराने कधी पाहिलेली नसते. काही वेळा शरीर तिला परकी समजतं आणि तिच्यावर तुटून पडतं, आणि मग तसाच पडदा असलेल्या दुसऱ्या, धडधाकट डोळ्यावरही. फार क्वचित होतं. औषधं आहेत, पण प्रत्येक वेळी चालतातच असं नाही. फुटलेल्या डोळ्यात काही राम उरला नसेल तर साधारण दोन आठवड्यांच्या आत तो काढून टाकावा, म्हणजे दुसरा वाचतो असं आम्हाला शिकवलं. हल्ली काही डॉक्टर म्हणतात एवढी घाई नको. म्हणोत. मी एक शिंपीणबाई पाहिली आहे. तिने ऐकलं नव्हतं आणि तिचे दोन्ही गेले. सुई ओवायला ती मुलीला हाक मारायची.

अजून वेळ आहे. त्याला मी नीट समजावून सांगितलं. तो म्हणाला, "हो ताई, तुम्ही म्हणाल तसं."

ताई


९ मार्च

ठमे!

उजेड कळतोय! आज सकाळी पेन्सिलने तपासलं. डावा डोळा झाकून दिवा धरला, आणि होयबा म्हणाला, दिसतोय. पुन्हा धरला, पुन्हा दिसतोय. पेन्सिल कॉरिडॉरमधून पळत आला, त्याची चप्पल मागे राहिली. मी त्याला रागावले, आणि मग मीच जवळजवळ धावत वॉर्डात गेले.

थोडा उजेड कळणं म्हणजे डोळस होणं नव्हे, हे मी हजारदा नातेवाइकांना सांगितलंय. पण कळत असेल तर काढायची घाई नको. सूज उतरू दे, रक्त निवळू दे, पुढे आणखी एक ऑपरेशन करून बघता येईल. कधीकधी बोटं मोजण्याइतकं परत येतं. मी आज कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला. कारण सांगितलं नाही.

घाईत लिहितेय. तुला लगेच कळावं असं वाटलं.

ताई


१० मार्च

ठमे,

कालचं पत्र विसर.

काल संध्याकाळपासूनच मला चैन नव्हती. सोनोग्राफीत आतला उजेड टिपणारा पडदा पार सुटून गोळा झालेला दिसत होता. अशा डोळ्याला उजेड कळायचा कसा? पेन्सिलच्या उत्साहात मी ते डोळ्याआड केलं होतं.

आज सकाळी मी एकटी गेले. डावा डोळा तळहाताने असा झाकला की फट राहू नये. हातातल्या दिव्याचं बटण दाबलं. त्याचा खट्ट असा आवाज होतो. होयबा म्हणाला, "दिसतंय." मी विचारलं, "कुठून येतोय?" म्हणाला, "समोरून. जरासा वरून."

दिव्याची वायर मी आधीच काढून ठेवली होती.

मग मी वायर जोडली, बटण चालूच होतं, आवाज झाला नाही. दिवा चेहऱ्यापासून लांब धरला, ऊब लागू नये म्हणून. लखलखीत उजेड त्याच्या डोळ्यावर पडला होता आणि तो शांत बसून वाट बघत होता. काही वेळाने म्हणाला, "लावा ना ताई."

ही चूक आमच्या धंद्यात नवी नाही. माणूस बटणाच्या आवाजाला हो म्हणतो, दिव्याच्या उबेला हो म्हणतो, बोटांच्या फटीतून दुसऱ्या डोळ्याने बघून हो म्हणतो. बहुतेकांना स्वतःलाही कळत नाही. पेन्सिलला मी हे दहादा शिकवलंय, आणि तरी काल दोघंही फसलो, कारण दोघांनाही फसायचं होतं. पण होयबाला कळत होतं. मी दिवा खाली ठेवला, तेव्हा त्याने मान खाली घातली.

मी विचारलं, "का रे?"

म्हणाला, "पहिल्या दिवशी मी नाही म्हणालो ना ताई, तेव्हा तुम्ही एकदम गप्प झालात. नंतर कोणीही दिवा घेऊन आलं की त्यांच्या आवाजात अशी काही आस असते… नाही म्हणवत नाही हो."

बाहेर येऊन मी जिन्यात उभी राहिले. मला त्याचा इतका राग आला, आणि तुझी इतकी आठवण आली. तू हे रोज सोसत होतीस.

ताई


१३ मार्च

ठमे,

तू प्रत्येक पत्र सही करून घेतेस, परत पाठवत नाहीस. यातून मी जे काय समजायचं ते समजून पुढचं लिहिते. नकोसं असेल तर इथे थांब.

डोळा काढायच्या संमतीच्या कागदावर तो सही करत नाही. "करू नको" म्हणत असता तर मी भांडले असते. तो "हो" म्हणतो. परवा म्हणाला, उद्या सकाळी. काल सकाळी म्हणाला, जेवण झाल्यावर. जेवणानंतर झोप लागली होती, किंवा झोपल्याचं सोंग होतं. आज मी कागद आणि पेन घेऊन खाटेवरच बसले, तर म्हणाला, "ताई, एक विचारू? फळी सरळ आहे का ते मी उजव्यानेच बघतो."

तू पाहिलं आहेस. फळीचं टोक गालाशी धरायचं, डावा डोळा मिटायचा आणि धारेवरून नजर लांब सोडायची. त्याने उशीशेजारची पट्टी उचलून तसं करून दाखवलं, आणि डावा मिटला. मग त्याच्या ध्यानात आलं. पट्टी तशीच धरून तो बसून राहिला.

मी म्हटलं, डाव्याने शिकशील. म्हणाला, "शिकेन की." मी म्हटलं, मग सही कर. म्हणाला, "हो, करू या ना."

आज डावा डोळा तपासला. स्वच्छ आहे. उद्याही मी तपासीन, परवाही. एखाद्या सकाळी त्यात हल्ल्याची खूण म्हणून चार पेशी तरंगताना दिसतील, उन्हाच्या झोतात धूळ दिसते तशा, आणि मग मी तुला काय लिहू? त्याला फक्त दोन हात आणि एक डोळा उरलाय. तो गेला तर तो माणूस भिंत धरून चालेल, आणि कसा आहेस विचारलं तर मजेत आहे म्हणेल.

मी त्याला दरडावलं, पेन्सिलने हात जोडले, वॉर्डच्या सिस्टर त्याच्यासमोर रडल्या. आम्हा सगळ्यांना तो गोड बोलून वाटेला लावतो. त्याचं खोटं तोंडावर पकडणारी एकच बाई मला माहीत आहे. तू स्वयंपाकघरातून त्याचा नुसता आवाज ऐकून म्हणायचीस, "खरं बोल."

म्हणून आता मागते. येऊ नकोस. त्याच्याशी समेटही नको. त्याच्या घरी परत जावंस असं मला कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही. फक्त एकदा वॉर्डात फोन कर. नंबर खाली लिहिलाय. दुपारी मी ऑपरेशनमध्ये असते, तेव्हा केलास तर मी उचलण्याचा प्रश्नच नाही. सोमवारच्या आत कर.

ताई


१७ मार्च

ठमे,

झालं. काल सकाळी डोळा काढला. मीच काढला. आत एक छोटा गोळा बसवलाय, जखम भरली की वर नकली डोळा बसेल. आमच्याकडचा कारागीर डाव्याला जोडीदार असा बनवतो, की लोक चुकीच्या डोळ्यात बघून बोलतात. डावा अजून स्वच्छ आहे. त्यावर जन्मभर जाड काचेचा चष्मा, वर्कशॉपमध्ये असो नसो. मी त्याच्याकडून "हो" घेतलं नाही, चष्माच नाकावर चढवला.

मला काही सांगायचं नाही असं तू वॉर्डच्या सिस्टरना बजावलं होतंस. त्यांच्या पोटात काही राहत नाही. रविवारी दुपारी मी एका तातडीच्या ऑपरेशनमध्ये असताना तुझा फोन आला, त्यांनी तो खाटेपाशी नेऊन दिला, आणि पडदा ओढून घेतला तरी ऐकू यायचं ते आलंच. तू म्हणालीस म्हणे, "तोंडाने हो म्हणालास तर मी फोन ठेवीन. आधी सही कर, मग बोल." त्याने हो म्हटलं नाही. मग पेन मागितलं. सही केल्यावर मात्र तुम्ही खूप वेळ बोललात. सिस्टर म्हणाल्या, मधे एकदा तो मोठ्याने हसलाही.

मी बाहेर आले तेव्हा सही केलेला कागद माझ्या टेबलावर होता. खरं सांगते, मी आधी खूप आनंदले. मग खुर्चीत बसले आणि मला वाईट वाटलं. पत्रं मी लिहिली होती. दोन वर्षं वाट मी बघितली होती. तू त्याच्याशी बोललीस, हसवलंसही, आणि फोनची वेळ निवडलीस ती मी नसेन अशी. ती वेळ मीच सुचवली होती हे मला कळतं. तरी वाटलं. एका आंधळा होऊ पाहणाऱ्या माणसाचा डोळा वाचला, आणि त्याची डॉक्टर टेबलावर डोकं ठेवून रडत होती. पेन्सिल दार उघडून आला, आणि तसाच दार ओढून गेला. गुणी पोरगा आहे.

आज सकाळी ड्रेसिंग बदलताना मी होयबाला अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझं नाव निघालं का रे फोनवर?"

"निघालं तर!" तो लगेच म्हणाला. "सगळ्यात आधी तुमचीच चौकशी केली तिने. ताई वेळेवर जेवते का, एकटीच असते ना, असं विचारत होती. आवाज भरून आला होता तिचा."

मी पट्टी चिकटवली आणि बाहेर आले.

ठमे, तो माणूस कसा आहे हे माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत. मी ड्रेसिंग करताना माझा आवाज कसा होता ते मला माहीत नाही, पण त्याला नक्की ऐकू आला असणार. पुन्हा विचारलं तर तो आणखी काहीतरी छान सांगेल. म्हणून मी त्याला विचारणार नाही.

तुला विचारते. विचारलं होतंस का?

नसेल विचारलं, तर नाही म्हण. मला चालेल. पण ते तुझ्या तोंडून ऐकू दे.

तुझी
ताई